अठरा मिनिटांची हजेरी

गणिताच्या बाईंना दिवाळी अंकासाठी कुणी लेख मागत नाही. कविता मराठीच्या बाई लिहितात, प्रवासवर्णन भूगोलाच्या, आणि आम्ही फार तर शेवटच्या पानावरची कोडी तपासून देतो. म्हणून यंदा संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "कोडी किती आहेत?" ते म्हणाले, "कोडी नकोत बाई, तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा."

एकतीस वर्षं सांगलीत गणित शिकवलं, म्हणजे सांगण्यासारखं पुष्कळ असायला हवं. पण लिहायला बसले आणि मन गेलं ते नोकरी लागण्याआधीच्या एका हिवाळ्यात, जयपूरला. तिथे मी शिकवत नव्हतेच. वर्गाच्या मागे स्टुलावर बसून दुसऱ्याचं शिकवणं बघत होते, आणि त्या बघण्यात साफ नापास झाले होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा विमा कंपनीत होते, त्यांची बदली जयपूरला झाली. माझं बी.एस्सी. नुकतंच संपलेलं, म्हणून मीही आईबाबांबरोबर गेले. आमच्या मावशीच्या लेखी तो परदेशच. निघताना तिने दोन किलो शेंगदाणे बांधून दिले आणि म्हणाली, "तिकडे मिळतील न मिळतील." बाबा म्हणाले, घरात माशा मारत बसण्यापेक्षा बी.एड. करून टाक. शास्त्री नगरात आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. माझं कॉलेज सकाळी लवकर असायचं, आणि हिवाळ्यात सराव शाळा घरापासून दहा मिनिटांवर मिळाली. सरकारी मुलींची शाळा, सहावीचा वर्ग, अडुसष्ट मुली.

आता ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बी.एड.मध्ये शिकवण्याआधी बघायला शिकवतात. त्याला पाठनिरीक्षण म्हणतात. एक वही असते, तिच्यात रकाने आखलेले. प्रस्तावना कशी केली, प्रश्न कसे विचारले, फळा कसा वापरला, वेळेचा उपयोग कसा झाला. जुन्या शिक्षकाच्या तासाला मागे गप्प बसायचं, रकाने भरायचे आणि दर शनिवारी त्या वहीवर मुख्याध्यापिकेची सही घ्यायची. म्हणजे ज्याला अजून खडू नीट धरता येत नाही त्याने वीस वर्षं शिकवणाऱ्याला शेरे द्यायचे. त्या वेळी मला यात काही गंमत वाटली नव्हती. मला तर ते फारच आवडलं होतं. बाबांचं जुनं मनगटी घड्याळ मी वहीशेजारी मांडून बसायचे.

सहावीला गणित शिकवायच्या त्या विमला बहनजी. तिकडे बाईंना बहनजी म्हणतात, मुख्याध्यापिकेला बड़ी बहनजी, आणि आमच्यासारख्या शिकाऊ मुलींना दीदी. विमला बहनजी ठेंगण्या, अंगावर कायम एकच तपकिरी शाल, आवाज इतका हळू की मला मागे ऐकू येण्यासाठी मान पुढे काढावी लागायची. थंडीत वर्ग अंगणात उन्हात भरायचा. मुली टाटपट्टीवर म्हणजे तरटाच्या लांब पट्ट्यांवर, फळा भिंतीला टेकवलेला, आणि ऊन सरकलं की सगळा वर्ग फळ्यासकट सरकायचा.

पहिल्या दिवशी तास सुरू झाला आणि बहनजींनी हजेरी घ्यायला घेतली. आमच्या सांगलीच्या शाळेत हजेरी म्हणजे नंबर. एक, हजर. दोन, हजर. तीन मिनिटांत कारभार आटोपतो. इथे बहनजी एकेकीचं नाव घेत होत्या, आणि मुली "उपस्थित" म्हणून गप्प बसत नव्हत्या.

"सरोज."

"उपस्थित बहनजी. चौदह रोटी."

"शबनम."

"उपस्थित. तीन सौ छह क़दम."

"कमला."

"उपस्थित बहनजी. दो मटके."

मला काही उमजेना. मग शेजारच्या मुलीने कानात सांगितलं. प्रत्येक मुलीने महिन्याच्या सुरुवातीला एक गोष्ट मोजायला घ्यायची. जी घेतली ती महिनाभर. कुणी सकाळी घरात किती पोळ्या लाटल्या ते मोजायची, कुणी घरापासून शाळेपर्यंतची पावलं, कुणी गच्चीवर दाण्याला आलेली कबुतरं. कमला नळावरून भरून आणलेले मटके मोजायची. हजेरीच्या वेळी आपला आकडा सांगायचा. शेवटी बहनजी स्वतःचाही सांगायच्या. त्यांच्या नवऱ्याला दमा होता, तो रात्रीत किती वेळा उठला ते त्या मोजायच्या. "आज चार," असं अगदी सहज सांगायच्या आणि खडू हातात घ्यायच्या. मग त्यातलेच दोनचार आकडे फळ्यावर चढायचे आणि त्यांचीच सरासरी, त्यांचंच गुणोत्तर. पुस्तकातली टाकी भरणारे दोन नळ त्या वर्गात मी कधी पाहिले नाहीत.

एक गोष्ट मात्र मी पाहिली. घड्याळ. हजेरीला अठरा मिनिटं लागत होती. चाळीस मिनिटांच्या तासातली अठरा.

त्या अठरा मिनिटांत करायला काही नसायचं, म्हणून मी वहीच्या मागच्या पानांवर मुलींची नावं आणि त्यांचे आकडे उतरवून काढायचे. दोन आठवडे रोज. आणि दुसऱ्या शनिवारी, वेळेच्या उपयोगाच्या रकान्यात, माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हजेरीमध्ये अठरा मिनिटे वाया जातात. अनुक्रमांकाने हजेरी घेतल्यास चौदा मिनिटे वाचतील.' अर्थात हिंदीत लिहिलं. व्याकरण तपासून घेतलं होतं.

बड़ी बहनजी सही करताना वाचायच्या, ही गोष्ट मला माहीत नव्हती. बाकीच्या शाळांत न वाचताच सही करत. या बाई शिस्तीच्या, आणि तपासणी तोंडावर आलेली. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बात तो ठीक लिखी है."

सोमवारपासून सहावीची हजेरी नंबरांनी सुरू झाली. चार मिनिटं. विमला बहनजींनी नेहमीप्रमाणे माझ्यासाठी स्टूल उन्हात ठेववलं, आणि पुस्तक उघडून टाकी भरणारे दोन नळ शिकवायला घेतले. आणि मी? मी त्या रात्री सांगलीला काकांना पत्र लिहिलं की माझ्या सूचनेवरून इथल्या शाळेत सुधारणा झाली. ते पत्र काकांनी जपून ठेवलं होतं. परवा घर आवरताना सापडलं. लाजेने कान लाल झाले माझे, या वयात.

मुली त्या आठवड्यात गप्पच असायच्या. शिस्त वाढली, असं मी रकान्यात लिहिलं.

त्याच दिवसांत घरी आई एकदा म्हणाली होती, "अगं, आपली पाणी भरणारी बाई नळावर घसरून पडली. हात मोडला बिचारीचा. तिची पोर येते आता. चुणचुणीत आहे हो." आमच्याकडे वरच्या मजल्यावर पाणी चढायचं नाही. खालच्या नळाला सकाळी तासभर यायचं, ते कुणीतरी जिन्याने वर आणायचं. मी तोवर कॉलेजला गेलेली असायचे. "बरं," म्हणाले आणि वहीत डोकं घातलं.

गुरुवारी एकेचाळीस नंबरला उत्तर आलं नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी नाही. पुढच्या सोमवारीही नाही. बहनजींनी हजेरीपट बंद केला, तास झाला, मुली गेल्या, आणि त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"सुनंदाजी, आपकी कॉपी में लड़कियों की गिनती लिखी है ना? ज़रा दिखाएँगी?"

मी मागची पानं उघडून दिली. बहनजींनी बोट ठेवलं कमलाच्या नावावर आणि आडवं सरकवत नेलं. दोन, दोन, दोन, दोन. नऊ दिवस दोन. मग जुनी हजेरी बंद होण्याआधीचा शुक्रवार, सात. शनिवार, अकरा.

"शुक्रवार को मैंने सोचा, मेहमान आए होंगे," त्या म्हणाल्या. "शनिवार को ग्यारह सुना तो तय किया कि सोमवार की गिनती सुनकर इसके घर जाऊँगी." आणि सोमवारी गिनती नव्हतीच. सोमवारी एकेचाळीस नंबर उपस्थित होता, एवढंच.

मी म्हणाले, "पर बहनजी, उससे पूछ भी तो सकते थे."

"पूछो तो हर लड़की कहती है, घर में सब ठीक है." त्यांनी वही मिटली. "गिनती में झूठ नहीं बोल पातीं."

त्या मला टोचून बोलल्या नाहीत, हे आजही सांगते. त्या फक्त कारण सांगत होत्या. पण मला तिथल्या तिथे धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अठरा मिनिटं वाया जात नव्हती. ती बाई अठरा मिनिटांत अडुसष्ट घरांना भेटी देऊन येत होती, आणि जोडीला सरासरीही शिकवत होती. आणि मी काटा बघत बसले होते.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी कमलाच्या घरी गेलो. वस्तीच्या मागच्या बाजूला दीड खोली. तिचा बाप विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रोजावर, तो घरी नव्हता. आई खाटेवर बसलेली, उजवा हात प्लास्टरमध्ये. कमला परातीत कणीक मळत होती. आम्हाला पाहून तिने हात मागे लपवले.

बहनजींनी पाणी मागितलं, प्यायल्या, हाताची चौकशी केली, आणि मगच विषय काढला. कमलाची आई रडली नाही की भांडली नाही. सरळ म्हणाली, "बहनजी, मैं दो घरों का पानी भरती हूँ. अभी छोड़ दूँ तो दूसरी रख लेंगे. फिर ये घर मुझे कौन देगा? हाथ जुड़ जाए तो भेज दूँगी इसको."

हाड जुळून काम करायला दीड महिना तरी. तोवर सहावी संपत आलेली, आणि एकदा घरी बसलेली मुलगी शाळेत परत येत नाही, हे त्या खोलीतल्या चौघींनाही ठाऊक होतं.

"कौन से घर?" बहनजींनी विचारलं.

"एक तो नुक्कड़ वाला, चार मटके. और एक वो मराठी माताजी का, ऊपर की मंज़िल. पाँच."

शास्त्री नगरात त्या गल्लीत मराठी माताजी एकच होती.

मी कमलाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. हळूच म्हणाली, "मुझे मालूम था दीदी. आपकी पीली साड़ी वहाँ तार पर सूखती है."

म्हणजे पोरीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सकाळी माझ्या अंघोळीचं पाणी जिन्याने वर चढवून, धावत शाळेत येऊन, पाच दिवस माझ्यासमोर "उपस्थित" म्हणून ती बसली होती. सहाव्या दिवशी दोन घरं आणि घरचा स्वयंपाक मिळून वेळ पुरेना, तेव्हा थांबली. मी तिच्यामागे दहा हातांवर घड्याळ मांडून बसले होते.

परतताना बहनजींनी एकच गोष्ट विचारली. "आपके यहाँ सीढ़ियाँ कितनी हैं?"

मला सांगता आलं नाही. रोज चढत होते, उतरत होते, आणि सांगता आलं नाही.

घरी येऊन आईवर चिडले, तर आई माझ्यावर चिडली. "मला काय स्वप्न पडलं होतं ती तुझ्या वर्गातली म्हणून? मी तिला रोज पोहे खायला घालते. ती उभ्याउभ्या खाऊन पळते, मला वाटायचं खेळायला पळते." मग जरा वेळाने, तांदूळ निवडता निवडता, "मग उद्यापासून पाणी कोण भरणार? तुझ्या बाबांची कंबर माहीत आहे ना?"

"मी भरीन," म्हणाले. "कॉलेजला जरा उशिरा जाईन."

"तू?" आई इतकी हसली की सूप खाली ठेवावं लागलं.

पण तीच दुसऱ्या दिवशी कमलाच्या आईकडे जाऊन आली. तिच्या हिंदीची तऱ्हा काय सांगू, पण "घर तुम्हारा ही है, हाथ अच्छा होने दो" एवढं तिने पक्कं सांगितलं. नुक्कडवाल्यांचं घर बहनजींनी कसं पटवलं ते त्यांनाच ठाऊक. कमला बुधवारी शाळेत आली. नंबर एकेचाळीस, उपस्थित.

माझं काम मात्र राहिलं होतं. मी बड़ी बहनजींकडे गेले आणि म्हणाले, माझा शेरा चुकला, खोडू द्या. त्या म्हणाल्या, "लिखा हुआ काटा नहीं जाता. पर सुनिए. आपका आख़िरी पाठ इसी क्लास में है ना? परीक्षक के सामने आप लीजिए ऐसी हाज़िरी. वे ठीक कहें तो मैं विमलाजी की हाज़िरी लौटा दूँगी. परीक्षा के नंबर आपके हैं, सोच लीजिए."

हे किती अवघड ते बाहेरच्यांना कळायचं नाही. शेवटच्या पाठाला बाहेरगावचे परीक्षक येतात. त्यांना एका दिवसात डझनभर पाठ बघायचे असतात, म्हणून ते एका वर्गात दहाच मिनिटं बसतात आणि उठतात. मी अठरा मिनिटं हजेरी घेतली असती तर त्यांना माझा पाठ दिसलाच नसता. माझ्या मैत्रिणी रंगीत तक्ते आणि पुठ्ठ्याचे त्रिकोण करत होत्या. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "जोखीम मोठी आहे." विमला बहनजी म्हणाल्या, "मत कीजिए. मेरी हाज़िरी के लिए अपना साल ख़राब मत कीजिए." त्यांनी हे म्हटलं म्हणून तर माझं नक्की झालं.

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मी काठावर पास झाले. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, 'प्रस्तावना आवश्यकतेपेक्षा लांब.' पण ते दहा मिनिटांनी उठले नाहीत. पूर्ण चाळीस मिनिटं बसले, पुढच्या मुलीचा पाठ त्यांच्यामुळे उशिरा झाला आणि ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. जाताना ते बड़ी बहनजींना म्हणाले, "वो हाज़िरी चलने दीजिए." विमला बहनजींची हजेरी परत आली. पुढे बाबांची बदली झाली, दोनतीन वर्षं पत्रं चालली, मग माझ्याकडूनच थांबली. याची रुखरुख आहे. मी स्वतः एकतीस वर्षं नावाने आणि आकड्याने हजेरी घेतली. सहा मुख्याध्यापक झाले, सहाही जणांनी वेळेवरून बोलून पाहिलं. मी ऐकून घेतलं आणि अठरा मिनिटं घेतली. एखाद्या वर्षी सत्तरच्या वर मुलं आली की थकून नंबरांवर यायचे, नाही असं नाही. त्या वर्षांतलं कुणाचं काय हुकलं असेल, ते आता कळायला मार्ग नाही.

तर तो पाठ. ऊन कोवळं होतं. परीक्षक मागे खुर्चीवर, म्हातारे, कानटोपी घातलेले, हातात घड्याळ. माझ्या नेहमीच्या स्टुलावर विमला बहनजी. माझ्या हाताला सकाळच्या मटक्यांच्या काठाचे वळ होते. मी हजेरीपट उघडला आणि नंबर न घेता नाव घेतलं. "सरोज."

मुलींनी वळून बहनजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"उपस्थित दीदी. बारह रोटी."

मुलींनी मोजणं सोडलंच नव्हतं. मग जे सुरू झालं ते थांबेना. कबुतरं आली, पावलं आली, बांगड्या आल्या. दहा मिनिटं झाली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मी पुढचं नाव घेतलं. "कमला."

ती उभी राहिली. केसांना तेल लावलेलं, वेणी घट्ट.

"उपस्थित दीदी. दो मटके."

मी हजेरीपटात खूण केली. पुढची नावं घेतली, अडुसष्ट झाली, आणि हजेरीपट मिटला. तेव्हा शबनम म्हणाली, "दीदी, और आपकी गिनती?"

शेवटी शिकवणाऱ्याने आपला आकडा सांगायचा, हा नियमच होता.

"पाँच मटके," मी म्हणाले. "और चौबीस सीढ़ियाँ."

मुली हसल्या. मी फळ्याकडे वळले, पाच लिहिले, चोवीस लिहिले, आणि विचारलं, "तो दीदी ने आज कुल कितनी सीढ़ियाँ गिनीं?" तीसचाळीस हात वर झाले. "एक सौ बीस," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. मी एकशेवीस लिहायला खडू उचलला.

"नहीं दीदी," मागून आवाज आला. कमला बसल्या जागेवरून बोलत होती, हात वर न करता. "दो सौ चालीस. ख़ाली मटका लेकर उतरना भी पड़ता है."

मी दोनशे चाळीस लिहिले.